मिनेचा चेहरा आणि यासुजीचा शब्द

जपानातल्या हाकातात मातीच्या बाहुल्या करणारी घरं त्या काळी पन्नासेक तरी होती. कुणाच्या बाहुलीचा किमोनो चांगला, कुणाच्या बोटांची ठेवण चांगली. यासुजी शिरोउझुंचं नाव निघायचं ते कातडीसाठी. शिंपल्यांची भुकटी सरसात खलून ते बाहुलीच्या गालावर असे पातळ थर चढवायचे, की ती आत्ताच अंघोळ करून आल्यासारखी वाटायची. स्वतः मात्र कळकट. हातांना कायम सरसाचा वास, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या कानाकडे, मानेकडे, मनगटाकडे बघायची खोड. त्यांची बायको फुकी-सान म्हणायच्या, "ह्यांना माझं नाव आठवायला वेळ लागेल. पण माझ्या कोपराला किती घड्या पडतात ते विचारा, झोपेत सांगतील."

मी ताकी. काजिहारा सेन्सेईंच्या, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या, त्वचारोगाच्या इस्पितळात परिचारिका होते. यासुजी-सानबरोबर सहा वर्षं काम केलं. त्यांच्याबद्दल लोक अजून काहीबाही सांगतात. कुणी म्हणतं त्यांनी इस्पितळाचं नुकसान केलं, कुणी म्हणतं डोकं फिरलं होतं. मी तिथे होते, आणि जे झालं त्यात माझाही हात होता, म्हणून मीच सांगते.

काजिहारा सेन्सेई व्हिएन्नाहून शिकून आले तेव्हा एक लाकडी पेटी बरोबर घेऊन आले होते. ती पेटी काखेत मारून ते एका उन्हाळी दुपारी यासुजी-सानच्या दुकानात शिरले आणि कापसातून मेणाचा एक कान काढून त्यांनी चौरंगावर ठेवला.

"हे कसं वाटतं?"

यासुजी-साननी कान उचलून उजेडाकडे धरला. बराच वेळ फिरवून पाहिला. "म्हाताऱ्याचा आहे. आणि म्हातारा आजारी होता."

"काय झालं होतं त्याला?"

"ते तुम्ही सांगा, मी बाहुल्या करतो. मला एवढंच दिसतं की खालच्या पाळीत रक्त पोचत नव्हतं."

सेन्सेई खदाखदा हसले. "माझ्या विद्यार्थ्यांना हे दिसायला दोन वर्षं लागतात हो!"

आतून फुकी-सान चहा घेऊन आल्या. कान बघून त्यांच्या हातातला चहा हिंदकळला. "अगं बाई, हे काय! आणि कान कशाला आणलाय? ह्या घरात आधीच कुणी कुणाचं ऐकत नाही."

फोटो तेव्हा काळेपांढरे निघायचे, आणि कातडीचे आजार ओळखायचे ते रंगावरून. जांभळट लाल वेगळा, विटकरी लाल वेगळा. काही आजार तर असे की डॉक्टरला आयुष्यात दोनदा दिसले तर दिसले. ते मेणात उतरवून ठेवले तर शिकणाऱ्या पोरांना कधीही बघता येतील, असं सेन्सेईंचं म्हणणं होतं. परदेशात असे कारागीर होते, पण ते आपली कृती बापालासुद्धा सांगत नसत. "इथे ते तुम्हीच करू शकाल," सेन्सेई म्हणाले, आणि एवढे शिकलेले गृहस्थ त्या कळकट चटईवर हात टेकून वाकले. यासुजी-सान पाघळले ते तिथेच.

पहिलं वर्ष नुसतं नासधूस करण्यात गेलं. मधमाश्यांचं मेण पिवळं पडायचं. आमच्याकडे हाझेच्या झाडाच्या फळांचं मेण निघतं, मेणबत्त्यांचं, केसांना लावायचं. ते नितळ, पण चार दिवसांनी त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायचं. दोन्ही किती मिसळायची, त्यात राळ कधी घालायची, आच किती ठेवायची ह्याच्या खटपटीत फुकी-सानची दोन पातेली जळाली. जमेना तेव्हा सेन्सेईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि कातडीचा उभा काप दाखवला. यासुजी-सान तासभर डोळा लावून बसले. उठले ते म्हणाले, "म्हणजे मी आजवर वरून रंग फासत होतो. रंग तर खाली आहे."

त्या दिवसापासून त्यांनी रीत बदलली. साच्यात आधी बिनरंगाचा पापुद्रा, मग त्यामागे फिकट पिवळा, मग लाल, मग शिरांचा निळा, सगळं उलट्या बाजूनं. मागून जाळीदार कापड. साचा फोडला की आतून उजेड झिरपणारी कातडी निघायची. पहिला धड जमलेला हात त्यांनी सेन्सेईंच्या टेबलावर ठेवला तेव्हा सेन्सेईंनी नकळत त्याची नाडी बघायला बोटं पुढे केली. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. मग दोघे जण पोरांसारखे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. त्या दुपारी त्यांनी एकाच भांड्यातून उदोनच्या जाड शेवया खाल्ल्या. "माझे डोळे, तुमचे हात," सेन्सेई म्हणाले. पुढे हे ते पाहुण्यांसमोरही म्हणायचे. यासुजी-सान मान खाली घालून कान लाल करून घ्यायचे.

साचा घ्यायचं काम माझ्यासमोर व्हायचं. ज्या अंगाला आजार, त्यावर तेल लावून प्लास्टर ओतायचं, ते घट्ट होईपर्यंत माणसानं हलायचं नाही. चेहरा असेल तर डोळे मिटून, नाकपुड्यांत गवताच्या नळ्या. माणसं घाबरायची. आजारानं आधीच घाबरलेली, त्यात हे. यासुजी-सान आधी स्वतःचा हात त्यांच्यासमोर प्लास्टरमध्ये बुडवायचे. "बघा, गार लागतं, मग कोमट होतं, मग सुटतं. एवढंच." आणि मग प्रत्येकाला, न चुकता, सांगायचे, "हे वरच्या खोलीतल्या कपाटात जाईल. कपाटाला कुलूप असतं. डॉक्टरांशिवाय कुणी बघणार नाही."

हे त्यांना सेन्सेईंनीच सांगितलं होतं. एक किल्ली सेन्सेईंकडे होती. दुसरी, धूळ झटकायची म्हणून, माझ्याकडे.

शोवा सम्राटांच्या पाचव्या वर्षी, म्हणजे १९३० साली, हिवाळा सरता सरता मिने आली. खाडीपलीकडच्या मासेमाऱ्यांच्या गावातली, सव्वीस वर्षांची. सुकी मासळी टोपलीत घेऊन गावोगाव विकायची. नाकाच्या शेंड्यापासून डाव्या गालावर विटकरी गाठी पसरल्या होत्या, मधे चट्टे. कातडीचा क्षय होता. बरा होण्यासारखा, आमच्याकडे त्यावर दिव्याच्या उजेडाचे उपचार असत. पण गावात तोंड दाखवायची सोय नव्हती, कारण नाकावर काही उठलं की लोक एकच नाव घेत, महारोग. महारोगाचा माणूस सापडला की पोलीस घेऊन जायचे, घर औषधानं पांढरं करायचे, आणि त्या घरात मग कुणी सोयरीक करायचं नाही. म्हणून तिनं गावात सांगितलं होतं की गाल गरम पाण्यानं भाजला, आणि तोंडाला फडकं बांधून फिरायची.

बोलायला फटकळ. दिव्याखाली बसवलं की मला म्हणायची, "ताकी-सान, मासे असेच सुकवतो आम्ही. दोन्ही बाजू करून घ्या."

सेन्सेईंना तिचा साचा हवाच होता. उपचारांच्या आधीचा एक, नंतरचा एक. तिनं साफ नाही म्हटलं. "बाहुली करणार होय माझी? आणि मुलींच्या सणाला मांडणार पायरीवर?" सेन्सेई दोनदा समजावून गेले, ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग त्यांनी यासुजी-सानना पाठवलं.

यासुजी-सान तिच्याजवळ बसले, आणि सवयीप्रमाणे तिच्या गालाकडे बघू लागले.

"काय बघताय? बाजारात मासा बघतात तसं?" मिने म्हणाली.

"डाव्या बाजूला वरची कड फिकी व्हायला लागलीय. गेल्या आठवड्यात नव्हती. उतरतोय तुझा आजार."

तिनं गालाला हात लावला. तिला हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. मग म्हणाली, "आणि तुमचं ते मेणाचं तोंड कुणी ओळखलं तर?"

"कोण ओळखणार? कपाट कुलपात असतं."

"माझ्या डोळ्याखाली हा तीळ आहे. गावात चार मिने आहेत, मला तीळवाली म्हणतात. धाकट्या बहिणीचं, कियोचं लग्न ठरतंय. हे बाहेर गेलं तर तिचं काय?"

"तीळ घालत नाही. मग झालं?"

"शब्द?"

"शब्द. सेन्सेईंचा नाही, माझा."

हे शेवटचं त्यांना म्हणायची काही गरज नव्हती. पण तेच ऐकून ती आडवी झाली.

चेहरा असा उतरला की मी आजतागायत तसा दुसरा पाहिला नाही. मिटलेल्या पापण्या, एकेक पापणीचा केस सुईनं रोवलेला, ओठांच्या कडेला ती बोलता बोलता थांबल्यासारखी घडी. गाठी तर इतक्या हुबेहूब की शिकाऊ डॉक्टर हात पुसायचे. तीळ मात्र नव्हता. सेन्सेईंच्या ते लगेच लक्षात आलं.

"शिरोउझु-सान, इथे काहीतरी राहिलंय."

"राहिलं नाही. शब्द दिलाय."

"फोटोत तीळ आहे. मेणात नाही. उद्या कुणी दोन्ही शेजारी ठेवले तर सगळ्याच कामावर संशय येईल."

"तिळाला आजार झालेला नाही, सेन्सेई. त्यावाचून कुणाचं शिकणं अडायचं नाही."

सेन्सेईंनी हसून विषय सोडला. आम्हाला वाटलं, सुटला.

शरदात मिने गावी गेली. गालावर पांढरी, चकचकीत कातडी आली होती. ओढल्यासारखी, पण बरी. जाताना यासुजी-सानसाठी सुक्या माशांची जुडी देऊन गेली. "खा. ह्यांचे साचे करत बसू नका."

पुढच्या वर्षीच्या वसंतात सेन्सेईंनी मला चाळीस मेणकामं कापसात बांधायला सांगितली. "कुठे जायची आहेत?" मी विचारलं. "डॉक्टरांची परिषद आहे," ते म्हणाले. परिषद असती तर तयारीची गडबड असती, पाहुणे असते, पत्रं असती. तसलं काही नव्हतं. खोक्यांवर चिठ्ठ्या होत्या त्या एका वर्तमानपत्राच्या. मी वाचल्या. मग गाठी बांधल्या. यासुजी-सान तेव्हा मेण आणायला गावाकडे गेले होते. ते आल्यावर मी काही बोलले नाही. सेन्सेई म्हणाले परिषद, म्हणजे परिषद, असं मनाशी म्हणत राहिले.

आठ-दहा दिवसांनी मिने यासुजी-सानच्या दुकानात आली. मी तेव्हा इस्पितळाचा निरोप घेऊन तिथे गेले होते. तोंडाला पुन्हा फडकं. दारातच उभी राहिली, आत येईना.

"शिरोउझु-सान, कपाट कुठे असतं म्हणाला होतात?"

"वरच्या खोलीत. का?"

"मग माझं मुंडकं शहरात काचेच्या पेटीत कसं आहे?"

फुकी-साननी तिला आत ओढून बसवलं. हळूहळू कळलं. गावातल्या तरुण मंडळाची माणसं बस करून आरोग्य प्रदर्शन बघायला आली होती. परत गेली ती थेट मिनेच्या दारात. तीळवालीचं मुंडकं पाहिलं, महारोगाच्या दालनात आहे, म्हणाले. तेव्हापासून तिची मासळी कुणी घेत नव्हतं. विहिरीवर आईची बादली कुणीतरी लाथाडली. कियोच्या सासरचे येऊन आहेर परत ठेवून गेले.

"चुकतेयस तू," यासुजी-सान म्हणाले. "दुसरं कुणाचं तरी असेल. मी तीळ घातलाच नव्हता."

"तीळ आहे म्हणतात."

"शक्यच नाही. चल, कपाट उघडून दाखवतो."

"मला नका दाखवू. तुम्ही बघा," ती म्हणाली आणि उठून चालू लागली.

ते माझ्याकडे वळले. "ताकी, किल्ली आहे ना?" माझा चेहरा बघून ते थांबले. बहुतेक लोकांना चेहऱ्यावरचं कळत नाही, त्यांना सगळं कळायचं. तरीही ते इस्पितळात आले, जिना चढले, कपाट उघडलं. रिकाम्या फळ्यांवर धुळीत चौकोन उमटले होते. त्यांनी एका चौकोनावर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. "तू बांधलंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पुढे त्यांनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं प्रदर्शनाला गेलो. नदीकाठच्या मोठ्या मंडपात ही गर्दी. बायका किंचाळायच्या आणि पुन्हा बोटांच्या फटीतून बघायच्या. बाहेर गोड बन विकत होते, मुलं ते खात खात रांगेत. एक माणूस छडीनं दाखवत सांगत होता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'महारोग आणि तत्सम भयंकर विकार'. त्याखाली दुसऱ्या रांगेत मिने झोपली होती, पांढऱ्या कापडाच्या चौकटीत.

डोळ्याखाली तीळ होता.

यासुजी-सान काचेला नाक लावून बघत राहिले. "वरून ठेवलाय," ते म्हणाले. "तेलरंग. आत रंग नाही, नुसता वर टेकवलाय." दुसऱ्याच कुणाच्या हातानं त्यांच्या कामावर ठिपका दिला होता. शेजारची एक बाई नवऱ्याला सांगत होती, "ही ती मासळीवाली. माझ्या बहिणीकडे यायची. बाई गं, आम्ही खाल्लीय तिची मासळी!" खाली पितळी पाटी होती, डॉक्टर काजिहारा यांच्या पद्धतीनं तयार केलेली मेणाकृती. यासुजी-सानचं नाव कुठेच नव्हतं. मी पाटी वाचून दाखवली, तर त्यांनी हात झटकला, माशी उडवावी तसा.

तिथून थेट सेन्सेईंच्या खोलीत. सेन्सेई चिडले नाहीत, त्यांनी बसायला सांगितलं.

"तिचं नाव कुठे लिहिलंय का, शिरोउझु-सान?"

"तीळ कुणी घातला?"

"मी. टोकियोहून प्राध्यापक आले होते. त्यांनी फोटो आणि मेण शेजारी धरलं आणि विचारलं, बाकीच्यांतही असंच गाळलंय का? काय सांगणार होतो मी?"

"आणि महारोगाच्या खाली?"

"मांडणी वर्तमानपत्रवाल्यांची. 'तत्सम' लिहिलंय त्यांनी." ते टेबलावर पुढे झुकले. "ऐका. हे बघून काल सतरा माणसं आपणहून तपासून घ्यायला आली. सतरा! घरात लपून बसली होती. त्यातली निम्मी तरी बरी होतील. नवी इमारत झाली तर आणखी होतील. एका बाईची थोडी अडचण झाली असेल, मला वाईट वाटतं, पण—"

"मी तिला शब्द दिला होता."

"तुम्ही दिला होतात," सेन्सेई शांतपणे म्हणाले. "मी नाही दिला."

यासुजी-सान त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कानाकडे नाही, मानेकडे नाही, सरळ डोळ्यांकडे. सहा वर्षांत मी त्यांना कुणाच्या डोळ्यांत असं बघताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "निदान ते काढून आणा." सेन्सेई म्हणाले की ती वस्तू इस्पितळाची आहे आणि प्रदर्शन अजून नऊ दिवस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप उघडायच्या आधी आम्ही तिथे गेलो. मी गणवेशात होते. तेवढं तरी करावं म्हणून मीच निघाले होते. पहारेकऱ्याला म्हटलं, "इस्पितळातून आलोय. एका मेणाला तडा गेलाय, दुरुस्त करायचाय." त्यानं माझी टोपी बघितली आणि पेटीचं कुलूप काढून दिलं.

यासुजी-साननी स्पिरिटचा दिवा पेटवला, पात्याचं टोक तापवलं. आधी तीळ खरवडला. मला वाटलं, झालं. पण त्यांनी पातं पुन्हा तापवलं आणि भुवई उचलली. नाकाचं हाड अंगठ्यानं दाबून रुंद केलं. ओठांच्या कडेची ती घडी पुसली. हनुवटीखाली मेण भरलं. गाठींना हात लावला नाही; आजार जसाच्या तसा ठेवला, फक्त त्याखालचं माणूस काढून टाकलं. अर्ध्या तासात तिथे कुणीतरी जाड्या चेहऱ्याची, कुठलीही नसलेली बाई झोपली होती. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावरून घाम गळत होता. आपलं सगळ्यात चांगलं काम ते स्वतः मोडत होते, आणि एकदाही हात हलला नाही.

"छान झालं की," पहारेकरी म्हणाला. "आधी जरा जिवंत वाटायची, भीती वाटायची."

पण गावानं जे बघायचं ते बघून झालं होतं. आठवड्याभरात मिनेच्या घरी पोलीस आणि आरोग्य खात्याचा माणूस आला. ज्या इस्पितळानं चेहरा मांडला त्याच इस्पितळानं हा महारोग नाही असं लिहून दिलं तर ठीक, नाहीतर पुढच्या गाडीनं हिला बेटावरच्या वसाहतीत पाठवू, असं सांगून गेले. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निरोप घेऊन मिनेची आई आली. ती इस्पितळात आली, यासुजी-सानच्या दुकानावरून मान फिरवून गेली.

यासुजी-सान पुन्हा सेन्सेईंच्या खोलीत गेले. मी कागदपत्रं घेऊन आत होते. तोवर सेन्सेईंना बदललेला चेहरा कळला होता.

"तुम्ही माझा नमुना नासवलात," ते म्हणाले. "सहा वर्षांची मैत्री होती आपली."

"कागद लिहून द्या, सेन्सेई. तिला क्षय होता. तुम्हीच बरं केलंत."

"देणार आहे. मी राक्षस नाही." त्यांनी टाक उचलला, पुन्हा खाली ठेवला. "पण तुम्ही आता इथे काम करणार नाही, हे मला दिसतंय. मग ही विद्या तुमच्याबरोबर जाईल. तुम्हीही मला काही लिहून द्या. मेण कुठलं, किती, आच किती, थर कुठले. सगळं. मग दोन्ही कागद एकदमच करू."

हे सगळं चहा घ्या म्हणावं इतक्या मऊ आवाजात. यासुजी-सान आधी समजलेच नाहीत. समजले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, जसा मी फक्त प्लास्टर ओतताना माणसांचा पाहिला होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि लिहायला बसले. त्यांना अक्षरं फार येत नव्हती. अडेल तिथे मला विचारायचे. 'राळ' कशी लिहायची, 'झिरपणं' कसं लिहायचं. दोन तास लिहीत होते. काही लपवलं असेल का, असं मला पुढे लोकांनी विचारलं. नाही. फुकी-सानची दोन पातेली कशानं जळाली तेसुद्धा लिहिलं, म्हणजे दुसऱ्याची जळू नयेत.

त्या कागदाच्या बदल्यात मिळालेला कागद घेऊन ते स्वतः खाडीपलीकडे गेले. गावप्रमुखानं तो देवळासमोर वाचून दाखवला. पोलीस परत आले नाहीत, एवढं काम झालं. गावानं मात्र ऐकून घेतलं आणि मासळी दुसरीकडून घेतली. कियोचं लग्न पुन्हा जुळलं नाही. यासुजी-सान मिनेच्या दारात गुडघे टेकून बसले, तर आतून कियो आली आणि त्यांच्या समोर उंबऱ्यावर, अशुभ घालवायला टाकतात तसं, मीठ टाकून दार लावून घेतलं. मिने बाहेर आलीच नाही. पुढच्या महिन्यात ती गाव सोडून गेली.

सेन्सेईंनी दोन माणसं शिकवून तयार केली. नवी इमारत झाली. रंगीत चित्रांचा जाडजूड ग्रंथ निघाला, त्यावर त्यांचं एकट्याचं नाव. मी तिथेच नोकरी करत राहिले, आणखी अकरा वर्षं. पहारेकऱ्याला फसवणारी बाई कोण हे सेन्सेईंनी विचारलं होतं. यासुजी-साननी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

यासुजी-सान बाहुल्यांकडे वळले, पण माणसांच्या नाही. माकडं, कोल्हे, घुबडं. लोक म्हणायचे, पूर्वीची कातडी गेली. हात गेला नव्हता. त्यांना माणसाचा गाल नकोसा झाला होता. सेन्सेईंकडून नव्या वर्षाला भेटकार्ड यायचं. फुकी-सान ते न वाचता चुलीत घालायच्या. "ह्यांनी एकदा तरी शिव्या द्याव्यात हो," मला म्हणायच्या. "आत ठेवून ठेवून हा माणूस मेणासारखा पिवळा पडलाय."

आठ-नऊ वर्षांनी मी भाचीच्या लग्नाला शिमोनोसेकीला गेले होते. तिथे माशांच्या वड्या करणाऱ्या एका कारखान्याच्या दारात मिने दिसली. डोक्याला पांढरं फडकं, तोंड उघडं. तिनंच मला ओळखलं. आम्ही पायरीवर बसलो. कियो तिच्याचजवळ होती, एका खलाशाशी लग्न केलेलं, मुलंही होती. थोडं बोलणं झाल्यावर मी धीर करून सांगायला लागले, की यासुजी-साननी चेहरा मोडला, कागदासाठी सगळी विद्या देऊन टाकली, मीच ती खोकी—

"माहीत आहे सगळं," ती म्हणाली. "सेन्सेईंचा मला राग नाही. त्यांना मी नाहीच म्हटलं होतं, दोनदा. मोठ्या माणसांवर मी कधी विश्वास ठेवलाच नव्हता. यासुजी-सान माझ्यासारखे होते. हाताला वास येणारे. म्हणून आडवी झाले. मला फसवलं ते त्यांनी."

"त्यांनाही फसवलंच ना?"

"असेल. पण त्यांना कळायला हवं होतं. एवढं सगळ्यांचं कातडं वाचायचे ना?"

मी परत आल्यावर हे यासुजी-सानना सांगायचं की नाही ह्यात आठवडा घालवला. मग सांगितलं, कारण एकदा गप्प राहून मी पुरेसं केलं होतं. ते एका घुबडाच्या पोटावर पिसांचे पट्टे काढत होते. ऐकून घेतलं. कुंचला धुतला.

"बरोबर बोलली," ते म्हणाले. आणि कुंचला पुसता पुसता, "गाल कसा आहे?"

"पांढरा आहे. हसली की जरासा ओढतो. गाठ नाही कुठे."

"नाकाजवळ?"

"तिथेही नाही. उन्हात काम करते, तरी नाही."

त्यांनी मान हलवली आणि घुबड सुकायला उन्हात नेऊन ठेवलं.